इटालियन रेड वाइन किती वर्षं ठेवायची? मुळशीत बाटली ठेवणार असाल, तर हिशोबच बदलतो

पुण्यातून चांदणी चौक ओलांडला, पिरंगुट आणि पौड मागे टाकलं की मुळशीचा खरा नजारा सुरू होतो. धरणाचं पाणी, सह्याद्रीच्या रांगा आणि मधूनमधून डोकावणारे शनिवार-रविवारचे बंगले. याच तालुक्यात लवासा आहे. इटलीतल्या पोर्तोफिनो या समुद्राकाठच्या गावाच्या धर्तीवर ते उभारलं गेलं. रंगीत भिंती, कमानीच्या खिडक्या, पाण्याकाठचा रस्ता. फोटो काढला तर क्षणभर वाटावं की आपण इटलीतच आहोत.

पण हवा काही इटलीची नाही. ती मुळशीचीच आहे. आणि ज्यांच्या बंगल्यातल्या शोकेसमध्ये कुणीतरी परदेशातून आणलेली, ‘खास प्रसंगाला उघडू’ म्हणून ठेवलेली इटालियन रेड वाइन आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कारण वाइनबद्दल आपल्याकडे एक वाक्य अगदी पक्कं बसलंय. जितकी जुनी, तितकी भारी. हे वाक्य बहुतेक बाटल्यांच्या बाबतीत चुकीचं आहे. आणि मुळशीसारख्या ठिकाणी तर ते चांगलंच महागात पडू शकतं.

आत्ताच हा विषय का?

भारतात येणाऱ्या परदेशी वाइनवर आजवर १५० टक्के आयात शुल्क लागत आलंय. म्हणजे बंदरावर १,००० रुपये किंमत धरलेल्या बाटलीवर १,५०० रुपये शुल्क. बाटली तिथेच २,५०० रुपयांची झाली. त्यावर राज्याचे कर, साठवणुकीचा खर्च, वितरकाचा आणि दुकानदाराचा नफा. वाइन जीएसटीत येत नसल्यामुळे प्रत्येक राज्याचा हिशोब वेगळा. म्हणून युरोपात रोजच्या जेवणासोबत घेतली जाणारी साधी बाटली आपल्याकडे चैनीची वस्तू बनते.

२७ जानेवारी २०२६ रोजी भारत आणि युरोपीय संघानं मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा केली. त्यात वाइनचाही समावेश आहे. करार लागू झाला की शुल्क आधी ७५ टक्क्यांवर येईल. पुढे टप्प्याटप्प्यानं ते महागड्या वाइनसाठी २० आणि मधल्या किमतीच्या वाइनसाठी ३० टक्क्यांपर्यंत खाली यावं, असं ठरलंय.

याआधी ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात असंच झालं होतं. २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला आणि ठरावीक किमतीच्या वरच्या ऑस्ट्रेलियन वाइनवरचं शुल्क कमी झालं.

युरोपच्या बाबतीत घोषणा म्हणजे अंमलबजावणी नव्हे. कायदेशीर तपासणी, सह्या, युरोपीय संसदेची मंजुरी असे टप्पे असतात. त्यामुळे उद्या सकाळी दुकानात भाव पडणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. येत्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत इटालियन बाटल्या वाढणार. आणि त्यांच्यासोबत ‘ही किती वर्षं ठेवायची?’ हा प्रश्नही वाढणार.

वाइन मुरते म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याकडे लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. वाइनचंही तसंच काहीसं आहे.

द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाचे घटक असतात. कोरा चहा जास्त उकळला की जीभ कोरडी आणि तुरट होते ना, ते टॅनिनचंच काम. रेड वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तिच्यात टॅनिन भरपूर असतं. नवीन असताना अशी वाइन तोंडात अक्षरशः ओढल्यासारखी वाटते.

काळ जातो तसे हे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात. तुरटपणा मऊ होतो. काही भाग गाळ बनून तळाशी बसतो. रंग गडद जांभळ्याकडून विटकरीकडे सरकतो. ताज्या फळाचा वास मागे पडून सुकामेवा, चामडं, तंबाखू, ओली माती असे वास पुढे येतात. बुचातून अगदी किंचित हवा आत जाते, तीही या कामाला मदत करते.

पण लोणच्याचाच नियम इथेही लागू आहे. प्रत्येक कैरीचं वर्षभराचं लोणचं होत नाही. ज्या वाइनमध्ये टॅनिन, आंबटपणा आणि फळाचा गर हे तिन्ही दमदार असतात, तीच मुरते. बाकीच्या फक्त म्हाताऱ्या होतात. जगात विकल्या जाणाऱ्या बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात.

इटलीत काय नियम आहेत?

इटलीत नावाजलेल्या वाइन बाजारात येण्याआधी किती काळ मुरवायच्या, हे कायद्यानंच ठरवून दिलंय.

पिएमोंते भागातली बारोलो ही नेब्बिओलो द्राक्षांची वाइन. ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ असं लिहायचं असेल तर ६२ महिने. तिची शेजारीण बार्बारेस्को, तिला २६ महिने पुरतात.

तोस्कानातली ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो ही पूर्णपणे सांजोवेजे द्राक्षांची. द्राक्षं काढल्यानंतरच्या पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीआधी ती विकताच येत नाही. त्याच भागातल्या कियांती क्लासिकोला १२ महिने, तिच्या रिझेर्वाला २४ आणि ‘ग्रान सेलेत्सिओने’ या वरच्या दर्जाला ३० महिने.

इथे एक गफलत होते. हे आकडे वाइन बनवणाऱ्यासाठी आहेत, विकत घेणाऱ्यासाठी नाहीत. तुमच्या हातात बाटली येते तेव्हा हा काळ आधीच संपलेला असतो. बाटलीवरचं वर्ष हे द्राक्षं काढल्याचं वर्ष असतं, विक्रीचं नाही. म्हणजे २०१९ ची बारोलो २०२६ मध्ये घेतली, तर ती घरी येतानाच सात वर्षांची आहे.

मग पुढे किती ठेवायची? चांगल्या तळघरात ठेवली असं गृहीत धरून, द्राक्षांच्या वर्षापासून मोजलेला ढोबळ हिशोब असा:

- दोल्चेत्तो, साधी बार्बेरा: २ ते ४ वर्षं
- साधी कियांती, मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो: २ ते ५ वर्षं
- कियांती क्लासिको: ३ ते ८ वर्षं, रिझेर्वा असेल तर साधारण १० ते १२
- ब्रुनेल्लो, बारोलो: १० ते २० वर्षं, उत्तम वर्षाची असेल तर त्याहून जास्त

या यादीतले सगळ्यात महत्त्वाचे शब्द वरच्या ओळीत आहेत: ‘चांगल्या तळघरात ठेवली असं गृहीत धरून’.

तळघर म्हणजे काय, आणि मुळशीत ते का जमत नाही?

वाइनला चार गोष्टी लागतात. साधारण १२ ते १४ अंशांचं स्थिर तापमान, बूच कोरडं पडू नये इतका दमटपणा म्हणजे ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास, अंधार आणि शांतता. जमिनीखालच्या दगडी तळघरात हे सगळं फुकट मिळतं. पिएमोंतेमध्ये हिवाळा कडक असतो, जमीन थंड असते, त्यामुळे तळघर वर्षभर गार राहतं. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वाइन मुरवली गेली, त्यामागे हे साधं भौगोलिक कारण आहे.

जमिनीखाली साठवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. देशावर धान्यासाठी पेव असायचंच. पण पेव कोरड्या मुलखात चालतं. मुळशीत पाऊस कसा पडतो, हे ताम्हिणीचे आकडे सांगतात. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. अशा ठिकाणी जमिनीखाली खोली केली की पावसाळ्यात तिच्या भिंतींना पाझर फुटण्याचीच भीती.

म्हणून मुळशीत बंगला असलेल्यांना वाटतं की बाटलीचा शत्रू पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपला, पुस्तकं, कपडे सगळ्याला बुरशी येते. बाटलीचं लेबलही सुटतं, बुचाच्या वरच्या बाजूला काळपट बुरशी दिसते. ते बघून अनेकजण बाटली टाकून द्यायला निघतात.

खरं तर हा दमटपणा आतल्या वाइनचं फारसं काही बिघडवत नाही. बूच घट्ट असेल तर वरची बुरशी ओल्या फडक्यानं पुसून बाटली खुशाल उघडता येते. युरोपातल्या जुन्या तळघरांतल्या बाटल्याही अशाच दिसतात.

खरा शत्रू त्याआधी येऊन गेलेला असतो. एप्रिल आणि मे.

उन्हाळ्यात बाटलीत काय होतं?

मुळशी पुणे शहरापेक्षा थोडी गार असली, तरी एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३५ अंशांच्या वर जाणं इथे नवीन नाही. त्यात बंगला सोमवार ते शुक्रवार बंद. वर स्लॅब तापलेला, खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. आतली हवा कोंडून राहते. आणि बाटली असते ती हॉलमधल्या शोकेसमध्ये, स्वयंपाकघरातल्या माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर. तिन्ही जागा घरातल्या गरम जागांपैकीच.

रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात. तापमान १० अंशांनी वाढलं की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. या हिशोबानं १३ अंशांऐवजी २८ अंशांत ठेवलेली बाटली जवळपास तिप्पट वेगानं म्हातारी होईल. इटलीतल्या तळघरात जे दहा वर्षांत घडेल, ते इथे साडेतीन वर्षांत.

मग कुणी म्हणेल, हे तर बरंच झालं, दहा वर्षं थांबायला नको!

तिथेच खरी गोम आहे. सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. टॅनिन मऊ होण्याआधीच फळाचा ताजेपणा उडून जातो. लोणचं मुरावं म्हणून बरणी गॅसवर ठेवली तर ते मुरत नाही, शिजतं. वाइनचंही तेच. जास्त उष्णता सोसलेल्या वाइनला शिजलेल्या जॅमसारखा किंवा मनुक्यांसारखा वास येतो, चव सपाट होते.

दुसरी अडचण दाबाची. गरम झाल्यावर वाइन प्रसरण पावते आणि बूच वर ढकलते. रात्री गार झाल्यावर आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. असं दिवसाआड होत राहिलं की आतली वाइन हवेनं उतरू लागते. म्हणून एकसारखं २० अंश तापमान परवडलं, पण १५ ते ३५ असा झोका नको.

मग मुळशीत किती दिवस ठेवायची?

घरात वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल, तर उत्तर सोपं आहे. वर्षांत मोजूच नका, ऋतूंत मोजा.

दिवाळीच्या सुमारास घेतलेली साधी कियांती किंवा बार्बेरा होळीच्या आत संपवावी. मुळशीतला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बाटलीसाठी सगळ्यात बरा. बारोलो किंवा ब्रुनेल्लोसारखी भारी बाटली असेल, तर तिला इथला एकही उन्हाळा उघड्या शोकेसमध्ये काढायला लावू नये. ती ‘अजून लहान आहे’ असं कुणी म्हटलं, तरी शिजलेल्या जुन्या वाइनपेक्षा तुरट तरुण वाइन बरी. तासभर आधी उघडून मोठ्या भांड्यात ओतून ठेवली की तुरटपणा थोडा निवळतो.

उन्हाळा काढायचाच असेल, तर घरातला साधा फ्रिज काही महिन्यांसाठी चालतो. तो वाइनला हवा त्यापेक्षा जास्त थंड आणि कोरडा असतो, म्हणून वर्षानुवर्षं नको. पण मे महिन्यातल्या माळ्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित. पिण्याआधी बाटली बाहेर काढून जरा वेळ ठेवायची, एवढंच.

ज्यांना खरोखर पाच-दहा वर्षं ठेवायचंय, त्यांच्यासाठी १२ ते १४ अंशांवर चालणारा वाइन फ्रिज हाच मार्ग. तोही शक्यतो शहरातल्या घरात, जिथे रोज कुणीतरी असतं. मुळशीतल्या गावांत वादळी पावसात तासन्‌तास वीज जाणं सगळ्यांच्या परिचयाचं आहे. दोन-चार तासांनी काही बिघडत नाही, कारण भरलेल्या बाटल्या हळूहळू तापतात. पण मे महिन्यात बंद बंगल्यात फ्रिज बिघडला आणि पंधरा दिवस कुणाला कळलंच नाही, तर दहा वर्षांचा बेत तिथेच संपतो.

बूच लाकडी असेल तर बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते.

आणि विकत घेतानाच बघायचं. परदेशी बाटली जहाजातून, न्हावा शेवासारख्या बंदरातून, गोदामातून दुकानात येते. तिचा उन्हाळा वाटेतही झालेला असू शकतो. बूच वर आलंय का, कडेनं ओघळाचे डाग आहेत का, त्याच वर्षाच्या दुसऱ्या बाटलीपेक्षा पातळी खाली आहे का, दुकानात ती उन्हाच्या काचेत ठेवलीय का, हे चार प्रश्न पुरेसे आहेत.

इटलीचं द्राक्ष, सोलापूरचं ऊन

इटालियन वाइन आणि महाराष्ट्राचं नातं फक्त आयातीचं नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली ही वायनरी आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावांच्या तीन जोड्यांनी ती उभी केली. तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी त्यांच्यासोबत होते. कियांती आणि ब्रुनेल्लो ज्या सांजोवेजे द्राक्षांपासून बनतात, तीच इथे लावली गेली. त्यांची ‘सेत्ते’ ही वाइन सांजोवेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांच्या मिश्रणाची.

द्राक्ष तेच, पण वेळापत्रक वेगळं. इटलीत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. फळ पिकतं ते स्वच्छ उन्हात, आणि पिकल्यावर लगेच उन्हाळा सुरू. साखर लवकर भरते, आंबटपणा लवकर उतरतो. आणि दीर्घकाळ मुरायला आंबटपणाच तर लागतो. म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेक रेड वाइन तरुणपणीच चांगल्या लागतात. काही निवडक वाइन काही वर्षं टिकतात, पण वीस वर्षांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. हा कमीपणा नाही, हवामानाचा स्वभाव आहे.

स्वस्त होणाऱ्या युरोपीय वाइनची चिंता नाशिक-सोलापूरकडच्या उत्पादकांना आहेच. पण या बाजारात त्यांची एक जमेची बाजू आहे. त्यांची बाटली समुद्र ओलांडून, बंदरावर तापून येत नाही.

‘वाइनमध्ये गुंतवणूक’ करायची का?

सोशल मीडियावर हल्ली असे रील्स फिरतात. आज घ्या, दहा वर्षांनी दामदुपटीनं विका. युरोपात असा बाजार आहे, पण तिथे बाटली पहिल्या दिवसापासून नियंत्रित गोदामात असते आणि तिचा कागदोपत्री इतिहास असतो.

महाराष्ट्रात मद्य खरेदी करायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ही तरतूद आजही आहे. किती मद्य बाळगता येईल यावरही मर्यादा आहे. आणि विक्रीचा परवाना नसताना बाटली विकणं हा गुन्हा आहे. म्हणजे मुळशीच्या बंगल्यात साठवलेली बारोलो दहा वर्षांनी कितीही मौल्यवान ठरली, तरी ती सरळ कुणाला विकता येणार नाही. साठा करायचा विचार असेल, तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून परवान्याचे नियम समजून घेतलेले बरे.

थोडक्यात काय?

मुलीच्या जन्माच्या वर्षाची बाटली तिच्या लग्नात उघडू, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडू, अशा भावनेनं अनेक घरांत एखादी बाटली जपून ठेवलेली असते. ती उघडल्यावर आंबट-शिजकट वास आला, तर पैशांपेक्षा त्या दिवसाचं वाईट वाटतं.

ते टाळायचं असेल, तर बाटलीवरचं वर्ष बघण्याआधी घरातला थर्मामीटर बघायला हवा. वीस वर्षांचा आकडा पिएमोंतेच्या थंड जमिनीनं दिलेला आहे. मुळशीच्या शोकेसमध्ये तो लागू होत नाही. फ्रिजची सोय असेल तर वाट बघा. नसेल तर थंडीतला एखादा शनिवार गाठा, घरच्यांना बोलवा आणि बाटली उघडा. उन्हाळा लागायच्या आत.